काकाजींनी झाकलेलं दुखणं

माझ्या चुलत सासऱ्यांइतका उघड्या तोंडाचा माणूस जानेफळपासून डोणगावपर्यंतच्या मुलखात दुसरा झाला नाही, आणि एकच झाला तेही पुष्कळ झालं. आम्ही त्यांना काकाजी म्हणत असू. आपल्या अंगातली एखादी गोष्ट खासगी असते, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. त्यांचं पोट साफ झालं की गल्लीला कळायचं, आणि नाही झालं तर जास्तच कळायचं. भर पंगतीत वाढप्याचा हात धरून ते आपल्या मूळव्याधीची हकीकत सांगत, आणि शेजारच्या पाव्हण्यानं घास खाली ठेवला की म्हणत, "जेवा नं बापा, मूळव्याध मले हाय, तुमाले नाई." एकदा तहसीलदार कपाशीचं पीक पाहायला आले, तर काकाजींनी त्यांना पऱ्हाटीच्या आधी पाठीवरचं गळू दाखवलं. साहेबांनी पाहिलं. काय करतील बिचारे! आम्ही सुना तोंडात पदर कोंबून हसायचो, आणि काकी चुलीपासून म्हणायच्या, "हसा मायहो, तुमाले काय, मले रोजचंच हाय." पण त्या बडबडीचं त्यांना मनातून कौतुक होतं. दुपारी त्या पान लावायला बसल्या की गावाला सांगून झालेलं सगळं काकाजी त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगत.

असा माणूस एका उन्हाळ्यात गप्प झाला. आत गदमदतं म्हणून खाट ओसरीवर नेली. पाऊस आला, थंडी पडली, खाट तिथंच. एका बैठकीला तांब्याभर ताक पिणारे काकाजी पाण्याचा घोटही मोजून घेऊ लागले. काकींशी बोलणं तर जवळजवळ तुटलंच. विहिरीवर बाया कुजबुजल्या की उंद्री गावाकडं कोणी बाई ठेवली असेल. काकी कोणाला काही बोलल्या नाहीत. फक्त एकदा, मी त्यांची वेणी घालत असताना, आरसा उपडा ठेवून म्हणाल्या, "मी लय म्हातारी दिसतो का वं?" मी तेव्हा लहान सून. घातलेली वेणी मी उकलून पुन्हा घालायला घेतली.

पुढचं सारं मला काकाजींच्याच तोंडून कळलं, कारण बरे झाल्यावर त्यांचं तोंड पहिल्यासारखं सुरू झालं. डोणगावचे एक चाचा होते, बैलांचे व्यापारी, काकाजींचे जुने दोस्त. एकदा दोघं छकड्यातून जाताना काकाजी बाभळीआड उतरले ते परत येईचनात. चाचांनी बैल सोडले, विडी ओढून संपवली, मग हाक दिली, "क्या भाऊ, बाभूळ शिंपून राह्यला का बे?" काकाजी डोळ्यांत पाणी घेऊन आले. लघवीच्या जागची पुढची कातडी आवळत आवळत सुईच्या नाकाएवढी झाली होती. लघवी आधी आत फुगायची, मग आग आग होत थेंबाथेंबानं यायची. त्यांनी स्वतःच ती ओढून पाहिली होती. ती चिरली, पिकली, आणि भरताना आणखी आवळली. मग बाजारातल्या जडीबुटीवाल्याचा लेप लावला. तो लेप काय होता देव जाणे, पण काकाजी म्हणत, "मिरची बरी."

चाचा म्हणाले, "चल मेहकरले, सरकारी दवाखान्यात." काकाजी हटून बसले. "डॉक्टर कापीन. कापलं म्हंजे मी बाटलो. मंग मले घरात कोन घेईन?"

चाचा हसता हसता छकड्याला टेकले. "अरे येड्या, एवढ्यानं कोनी मुसलमान होते का? तू आरतीले उभा राहत नाईस, नमाज काय पढशीन? तुले आमी घ्याचे बी नाई!"

चाचांनी बैल जुंपले ते थेट मेहकरला नेले. तिथं नागपूरकडून बदली होऊन आलेला डॉक्टर तरुण होता, पण डोक्यानं शांत. त्यानं आधी विचारलं, की ही कातडी पहिल्यापासून अशी होती का आता आवळली. मग विचारलं, लघवीला मुंग्या लागतात का. काकाजी म्हणाले, "लागतात नं साहेब, आमच्या घरी पाव्हन्याइले तोटा नाई." डॉक्टरनं नळीतल्या निळ्या औषधात लघवी घालून तापवली, तर निळं होतं ते विटकरी झालं. मूळ दुखणं साखरेचं निघालं. साखर लघवीतून जाते, तिथं दाह होतो, कातडी चिरते आणि वण धरून आवळते. तेव्हा गूळ बंद, गोड बंद, आणि एवढा वण झाल्यावर कापण्याशिवाय इलाज नाही. सुईनं जागा बधिर करून डॉक्टरनं काम केलं. चाचा दाराशी बसून होते.

घरी आल्यावर काकाजींनी भर अंगणात सगळं सांगितलं. आम्ही आत पळालो, तर आवाज चढवून सांगितलं. गल्लीत कोणाचं लेकरू न्हाऊ घालताना दिसलं की लांबून ओरडत, "वरून पानी घाल वं माय, कातडी ओढू नको! लहानपनी ते चिकटलेलीच राह्यते, वयानं आपसूक सुटते. लघवी अडली, सुजलं, नाई त मांगं सरकून पुढं येईना, तं लेप लावत बसू नका, दवाखाना गाठा!" बाया लाजून लाल होत. पण ओढायच्या थांबल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

खाट आत आली. काकींनी एवढंच विचारलं, "साऱ्या जगाले सांगता, मले काऊन नाई सांगतलं?" काकाजींनी पानाचा डबा त्यांच्यापुढं सरकवला.

साखरेनं पुढं त्यांची नजर नेली, आणि शेवटी तेही गेले. त्यानंतर कधीतरी काकी आणि मी तुरीची डाळ पाखडत होतो. त्या आपण होऊन बोलल्या. "मेहकरून आले नं थे, कापून, तवा सारे घाबरले होते. मी न्हानीत जाऊन हसली. नवऱ्याच्या दुखन्यानं कोनाले बरं वाटते का? मले वाटलं. म्हटलं, खाट बाहेर गेली त्याले कारन दुखनंच होतं माय. मी नव्हती."

मग त्यांनी सूप पुन्हा उचललं.