वन्सं भेग शोधायच्या

मी माहेरी करमाळ्याला, भाचीच्या बाळाच्या बारशाला गेले होते. घुगऱ्या वाटत होते, तेवढ्यात मुलाचा फोन आला, "आई, आत्या गेली." हातातलं पातेलं हातातच राहिलं... आणि मला सुचलं काय, तर वन्संच्या टेबलावरची धूळ पुसायची राहिली. कोरड्या फडक्यानं, बरं का. ओल्या फडक्याला त्या टेबलावर बंदी होती, आणि ती माझ्यामुळंच.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, लग्न केलं नाही, भवानी पेठेत आमच्याच घरात राहिल्या. बायका सोनं घेतात, ह्यांनी दगड घेतले. साधे नव्हेत, ट्रायलोबाइट. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी सरपटणारे किडे, मरून दगड झालेले. पहिला बघितला तेव्हा मी म्हणाले, "वन्सं, हे तर झुरळ की!" त्या म्हणाल्या, "झुरळं तुझ्या स्वयंपाकघरात असतात, सुमन. हा त्यांच्याही आधीचा मानकरी."

त्यांचा सगळ्यात लाडका होता तळहाताएवढा, काळाभोर, अंगभर काटे असलेला. हैदराबादच्या एका प्रदर्शनातून आणलेला, मूळचा मोरोक्कोचा म्हणे. दरवर्षी तो शाळेत जायचा. नव्या वर्गातली एकेक मुलगी तो हातात घ्यायची आणि वन्सं म्हणायच्या, "पोरींनो, एवढा जुना जीव पुन्हा हाती लागायचा नाही, नीट बघून घ्या."

एका वर्षी घट बसायच्या आधी मी घर काढलं होतं धुवायला. वन्सं शाळेत. म्हटलं, ह्यांचेही किडे स्वच्छ करू. सगळे घातले टपात, कोमट पाणी, धुण्याची पावडर, वर ब्रश. बाकीचे निघाले चांगले, पण काळ्याचं पाणी काळंच येत राहिलं. खालून पिवळट अंग दिसायला लागलं, आणि त्यावर आंबोळीला पडते तशी बारीक जाळी. बूटपॉलिश लावून ठेवावं, असंही मनात आलं, खोटं कशाला सांगू! पण धीर झाला नाही. चहा देताना सांगून टाकलं, "वन्सं, मी लई वाईट काम केलंय."

त्यांनी भिंग काढलं. किती वेळ बघत होत्या... चहावर साय धरली. मग म्हणाल्या, "सुमन, तू काही बिघडवलं नाहीस. हा साच्यातून काढलाय. ही जाळी म्हणजे ओतताना अडकलेली हवा." मी सुटले म्हणून हसले. त्या हसल्या नाहीत. "किती पोरींच्या हातात दिला गं मी हा..."

"कुणाला कळणार हाय? गप बसा की," मी म्हणाले.

"मला कळलंय ना."

दुसऱ्या दिवशी तोच दगड घेऊन वर्गात गेल्या आणि सांगितलं, मी फसले, तुम्हालाही फसवलं. तेवढ्यानं भागलं नाही. सात रस्त्याच्या चौकात जुन्या विद्यार्थिनी भेटत, त्यांना थांबवून सांगायच्या, "अगं, तो काळा खोटा होता." समोरची कडेवरचं मूल सावरत बघत राहायची, बाई कशाबद्दल बोलतायत! मला हसू यायचं. घरी येऊन वन्सं मात्र कागदावरच्या पोरींच्या यादीतलं एकेक नाव खोडायच्या.

पुढं हैदराबादच्या प्रदर्शनाला मलाही घेऊन गेल्या. दुकानदार म्हणाला, "अम्मा, एकदम असली माल है. एक भी क्रैक नई."

"म्हणूनच नको," वन्सं म्हणाल्या, आणि मला तिथंच शिकवायला लागल्या. दगड फुटतो तेव्हा आतला जीवही त्याच्याबरोबर फुटतो. भेग दगडातून निघून किड्याच्या अंगावरून पलीकडं गेली पाहिजे. किडा आणि दगड यांच्यामध्येच गोल रेघ दिसली, तर चिकटवलाय समज. डोळ्यावर बारीक भिंगं असतात काहींच्या, ती दिसतात का बघ. आणि खरा असून भागत नाही. दगड कोरून किडा मोकळा करणाऱ्यानं घाई केली, तर दगडाबरोबर त्याचं कवचही खरवडून जातं, मग खरा असूनही बिचारा नागवा. तुटका काटा जोडला तर पाप नाही म्हणायच्या, पण जोडलाय हे विकताना सांगावं.

त्या दिवशी त्यांनी घेतला तो सगळ्यात गरीब दिसणारा. अंगठ्याएवढा, एक कड अजून दगडातच, पाठीवरून आडवी भेग. मी म्हटलं, "एवढ्या लांब येऊन हा?" तर म्हणाल्या, "ह्याला कुणी नटवलेलं नाही."

तेराव्यानंतर शाळेतल्या बाई येऊन दगडांची पेटी घेऊन गेल्या. प्रत्येक दगडाखाली वन्संच्या अक्षरातली चिठ्ठी. काळ्याखाली होतं, "हा खोटा. मी फसले, हे सांगून मगच दाखवावा." तोही गेला शाळेत, सगळ्यांच्या पुढं ठेवणार आहेत म्हणे.

टेबलावर एक डबी तेवढी राहिली, वर माझं नाव. आत तो भेगेचा. भिंग नव्हतं हाताशी, पण सवयीनं मी आधी भेग बघितली, दगडातून निघून अंगावरून पलीकडं गेलेली. मग उलटा केला. खाली चिठ्ठी चिकटवलेली होती, "सुमन, हा धुतलास तरी चालेल."

परवानगी मिळाली, पण मी अजून कोरडंच फडकं घेते.