रस्ता विचारून निघणारा आमोस

तीस वर्षं जीप चालवली, पण रस्ता विचारल्याशिवाय आमोस साळवेनं कधी चावी फिरवली नाही.

उजाडलं की तो अंगणातल्या बाजेवर बसे आणि फोन तळहातावर आरशासारखा धरी. डाव्या कानानं कमी ऐकू येई, म्हणून स्पीकर कायम चालू. त्यामुळं नगरचा रस्ता कसा आहे, हे सगळ्या आळीला त्याच्याबरोबरच कळायचं.

फोन दोनच करायचे. आमोसच्या गावाहून नगरला निघालं की तिसगावात दोन वाटा फुटतात. सरळ गेलं की करंजीचा घाट लागतो. उजवीकडे वळलं की मिरीवरून पांढरीपूल आणि तिथून मोठा रस्ता. ही वाट पाऊण तास लांबची. घाटात छबूबाईची चहाची टपरी होती, पांढरीपुलाजवळ भिमाजीचं पंक्चरचं दुकान. दोघंही रस्त्याकडं तोंड करून जन्म काढलेली माणसं. छबूबाई तर चहा गाळता गाळता सांगे, "ट्रेलर आडवा पडलाय, दोन तास हालत न्हाई. मिरीवरनं जा." मग आमोस मिरीवरून जाई आणि घाटात अडकलेल्यांच्या आधी नगरात पोचे. हा त्याचा मान होता. वऱ्हाड निघायचं असलं तरी गाव आधी त्याच्या अंगणात येई. शेजारचे काकासाहेब म्हणत, "आमोसदा, आपल्या गावात नवरदेवाचं कोन इचारतो? तू व्हय म्हनशील तवा लगीन लागतंय!"

मुलगी एंजेला पुण्याला नर्स होती. तिनं एकदा त्याच्या फोनवर नकाशा उघडून दिला. निळी रेघ म्हणजे रस्ता मोकळा, लाल म्हणजे अडलेला. आमोसनं आठवडाभर पाहिलं. घाटात फोन लागे, पण नेट चालत नसे. दहा ट्रक एकामागं एक थांबले तरी रेघ आपली निळीच. "पोरी, ह्या बयेला घाट ठाऊक न्हाई," असं म्हणून त्यानं नकाशा बंद केला तो कायमचा.

मग त्याच्या बायकोच्या, एलिझाबेथच्या, किडन्या गेल्या.

सोमवार आणि गुरुवार, सकाळी दहाला नगरच्या दवाखान्यात डायलिसिसच्या मशिनवर तिची पाळी. साडेदहापर्यंत पोचलं नाही की मशिन पुढच्या पेशंटला लागे. त्या दोन दिवसांत आमोस दुसरं भाडं घेईना. मागच्या सीटवर त्यानं गादी अंथरली. निघण्याआधी एलिझाबेथ डोळे मिटून दोन शब्दांची प्रार्थना करी, मग विचारी, "अहो, छबूबाई काय म्हनती?" आणि तो सांगे ते खरं असे. दीड वर्षात एकही पाळी चुकली नाही.

गाडीत कोण आहे, हे मात्र त्यानं छबूबाईला कधी सांगितलं नव्हतं. रस्ता विचारावा, रस्ता सांगावा, घरचं कशाला, असा त्याचा स्वभाव.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी घाटातच एलिझाबेथला भोवळ आली. आमोसनं जीप टपरीशी लावली. छबूबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली आणि तिला एलिझाबेथच्या दंडाखालची फुगलेली शीर दिसली, हातावरच्या सुयांच्या खुणा दिसल्या. तिनं पदरानं एलिझाबेथचं तोंड पुसलं.

"ताईसाठी इचारीत हुता व्हय रोज? आन् मला वाटायचं कांद्याचं भाडं हाय."

त्या दिवसापासून फोन उचलला की छबूबाई आधी विचारी, "ताई कशी हाय?" आणि मग म्हणे, "मोकळा हाय भाऊ. सावकाश या." तिच्याकडं थांबणाऱ्या ड्रायव्हरांनी ही गोष्ट पांढरीपुलापर्यंत नेली. भिमाजीही म्हणू लागला, "वैनींना घेऊन बिनघोर या, दादा." आमोसला बरं वाटे. वाटेवर आपली माणसं आहेत असं वाटे.

उसाचे ट्रक सुरू झाल्यावरचा सोमवार. छबूबाई म्हणाली, "मोकळा हाय." आमोसनं तिसगावला जीप सरळ घातली. पहिल्याच चढाला गाड्यांची शेपटी लागली. पुढं उसाची ट्रॉली उलटली होती, मोळ्या दोन्ही बाजूला पसरल्या होत्या. मागं फिरायला जागा नव्हती. मागंही गाड्या येऊन टेकल्या होत्या. आमोस उतरून चालत टपरीपर्यंत गेला.

"कवा पडली ही?"

छबूबाईनं मान खाली घातली. "पाटंच."

"म्हंजी मी फोन केला तवा?"

"तवा पडलेलीच हुती."

"बाई, मग मोकळा हाय म्हनलीस ते कशापायी?"

"भाऊ, आजारी मानूस घराभायेर पडतंय. त्याला कुठं निघाला म्हनून इचारू नये. त्याच्या वाटंवर आडवा शब्द टाकू नये. माझ्या सासूनं मला हेच शिकवलं. वाट बंद हाय, हे माझ्या तोंडून कसं निघावं? वाटलं, तुमी येस्तोवर व्हईल मोकळी."

आमोसचा हात उचलला गेला होता तो त्यानं आपल्याच कपाळावर मारून घेतला. या बाईवर ओरडायलाही काही उरलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या आईनंही हेच शिकवलं होतं.

ते साडेबाराला पोचले. सिस्टर म्हणाली, "मावशी, मशिन लागलं हो दुसऱ्याला. गुरुवारपर्यंत जागाच नाही. पाणी अगदी कमी प्या. गुरुवारी मात्र चुकवू नका, अजिबात चुकवू नका."

मंगळवारी एलिझाबेथचे पाय सुजले. बुधवारी तिला आडवं पडवेना. भिंतीला टेकून, उशी पोटाशी धरून ती श्वास मोजत बसली. आमोसनं तिला घोटभर पाणी झाकणानं मापून दिलं.

गुरुवारी उजाडल्यावर त्यानं काकासाहेबांचा फोन मागून घेतला. स्पीकर लावला, आवाज जाड केला. "बाई, कांद्याची गाडी हाय. घाट कसाय?"

छबूबाई हळूच म्हणाली, "आमोसभाऊ, ताई कशी हाय?"

काकासाहेब दुसरीकडं पाहू लागले.

"खरं सांग बाई. तुझ्या पाया पडतो. आडवं आसंल तर आडवं सांग."

"मोकळा हाय," ती म्हणाली. तिचा आवाज ओला होता. तिच्या मागं हॉर्न वाजत होते. चालत्या गाडीचा हॉर्न वाजत वाजत लांब जातो, हे आमोसला तीस वर्षं ठाऊक होतं. हे हॉर्न जाग्यावरच वाजत होते.

त्यानं भिमाजीला लावला. भिमाजीनंही आवाज ओळखला. "मोकळा हाय दादा, वैनींना घेऊन बिनघोर या." त्याच्याही मागं हॉर्न होते, तसेच, जाग्यावर. कुणीतरी ओरडत होतं, "आरं मागं घे, मागं घे!"

आमोसनं फोन काकासाहेबांच्या हातात दिला. काकासाहेब काहीतरी बोलणार होते. आमोसनं नुसता हात वर केला.

एलिझाबेथ जीपमध्ये गादीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत फाईल, टॉवेल, दोन बिस्किटं. जीपपासून बाज दहा पावलांवर आणि स्पीकर चालू; हॉर्न तिलाही ऐकू गेले होते. तिनं प्रार्थना केली. या खेपेला जरा जास्त वेळ लागला. मग डोळे न उघडताच तिनं विचारलं,

"अहो, छबूबाई काय म्हनती?"

आमोसनं चावी लावली. तोंडात आलेला आडवा शब्द त्यानं गिळला.

"मोकळा हाय," तो म्हणाला.

"मग चला," एलिझाबेथ म्हणाली, आणि तिनं पिशवी पोटाशी घट्ट धरली.