व्हर्लिनच्या ड्रायरचा पाइप

व्हर्लिनला मी चाळीस वर्षं ओळखते. आमच्या दोन घरांमध्ये एक मॅपलचं झाड आणि माझं तोंड, एवढंच काय ते आहे, असं तो म्हणायचा. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. माणूस अबोल. बोलायचं खातं त्याच्या बायकोनं, आर्डिसनं, लग्नातच स्वतःकडे घेतलेलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे हिवाळ्याच्या वेळेसाठी सगळे घड्याळं तासभर मागे घेतात. त्या दिवशी चर्चमधून आला की व्हर्लिन धूर लागला की कोकलणाऱ्या भोंग्यांच्या बॅटऱ्या बदलायचा आणि कपड्यांच्या ड्रायरचा गरम हवा बाहेर सोडणारा पाइप साफ करायचा; त्यात केर तुंबला की आग लागते. पैसे देऊन माणूस बोलवायचा? छे! तळघरात ड्रायर पुढे ओढायचा, पाइप सोडवायचा आणि लवचिक दांड्यांना दांडे जोडत ब्रश आत ढकलत जायचा. पाइपाचं दुसरं तोंड बाहेर, पेटुनियाच्या फुलांच्या वाफ्याशेजारी. तिथं आर्डिस झाकण उचलून ओणवी उभी.

आतून हाक यायची, "आर्डिस, आला का?"

"नाही रे, ढकल!"

असं चार-पाचदा झालं की कपड्यांचा राखाडी केर घेऊन ब्रश भसकन बाहेर यायचा. "आला, आला!" म्हणत ही खिदळायची. मी खिडकीतून ओरडायची, "मुलगा झाला की मुलगी?"

फेब्रुवारीत आर्डिस कॅन्सरनं गेली. गावानं ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाच्या थाळ्या आणून दिल्या. व्हर्लिननं एकेक थाळी घासूनपुसून, खालच्या चिकटपट्टीवरचं नाव वाचून, घरोघरी परत केली. आत बसून दोन शब्द बोलला असेल तर शपथ.

यंदा घड्याळं मागे गेली आणि याचा ब्रश काही निघाला नाही. बुधवारी मी सूप घेऊन गेले तर तळघरातून करपल्याचा वास. तेच टॉवेल तिसऱ्यांदा फिरत होते. ड्रायरला हात लावला नि चटकाच बसला.

"मेल्या, घर पेटवायचंय का? तुझ्याबरोबर माझंही जाईल!"

"करीन गं सावकाश."

"सावकाश म्हणजे आगीचा बंब आल्यावर?"

त्यानं ड्रायर बंद केला आणि पायरीवर बसला. एका दमट टॉवेलची घडी केली, उलगडली, परत घातली.

"डोरीन, औषधानं तिचे केस गेले ना. उशीवर पडायचे. अभ्रे मीच धुवायचो, रोज. ह्यातच वाळवायचो."

"मग?"

"ड्रायरच्या जाळीवर जे अडकले ते मी केराबरोबर फेकून दिले. तेव्हा काहीच वाटलं नाही गं. ती वर झोपलेली होती ना. आता जे काही उरलंय ते त्या पाइपात."

त्या अबोल माणसाची मला इतकी दया आली की रागच आला.

"आणि ती दरवर्षी थंडीत बाहेर उभी राहायची ती काय गंमत म्हणून? आगीला किती भ्यायची रे ती! ऊठ. ब्रश काढ."

त्यानं टॉवेल मांडीवरून बाजूला ठेवला. मग उठला.

मी वाफ्याशेजारी जाऊन उभी राहिले. पेटुनिया कडाक्याच्या थंडीनं काळ्या पडून गेलेल्या. झाकण उचललं. आत दांडे खडखडले आणि सवयीची हाक आली, "आर्डिस, आला का?"

दांडे खडखडायचे थांबले. आपण काय बोलून गेलो ते त्याला कळलं होतं.

"नाही रे, ढकल!" मी ओरडले.

बऱ्याच वेळानं केर आला. राखाडी, मग तिच्या झग्याचा निळा. त्यात गुंतलेले लांब, तांबूस केस. गारठलेल्या बोटांनी मी ते एकेक सोडवत बसले. ब्रश हातभर बाहेर आला तरी बोलले नाही.

"आला का?" या वेळी नाव नव्हतं.

"आला. थांब आता."

तो कोट न घालताच बाहेर आला. मी मूठ उघडली. त्यानं मोजल्यासारखं पाहिलं.

"एवढेच?"

"एवढेच रे."

ते शर्टाच्या खिशात घालून त्यानं बटण लावलं आणि ड्रायर जागेवर ढकलायला आत गेला. टॉवेल एका फेरीत वाळले.

तो शर्ट त्यानं अजून धुवायला टाकलेला नाही. आणि मी, अख्ख्या गावाला टोकणारी, त्यावर चकार शब्द काढलेला नाही.