उषाबाईचा तळहात

तापलेल्या तव्याला नुसता हात लावून उषाबाई सांगायची, भाकर टाकायची वेळ झाली की नाही. पांडेसऱ्याच्या रंगकारखान्यात बारा वर्षं तिनं टाकीतून वाफाळतं कापड ओढलं होतं. सोबतच्या बाया म्हणायच्या, "उषे, चूल कशाला पेटवतेस? तळहातावरच पापड भाज!" तीही हसायची. त्या हातांचा तिला अभिमान होता. शहरात प्लेग आला त्या साली सगळ्यांसारखी तीही गावी पळाली. परतली तेव्हा तिच्या जागी दुसरी लागली होती. मग उधन्याच्या एका लहानशा प्रसूतिगृहात ती आया झाली.

तिथंही हातच कामाला आले. खानदेशातल्या बाळंतिणी शेकायला तिलाच बोलवायच्या. शेकाची ऊब आधी तळहातावर घ्यायची, त्याला सोसेल तेवढीच बाळाला द्यायची, ही तिच्या आईची रीत. तळहात खोटं बोलत नाही, असं आई म्हणायची.

पौषातली सकाळ होती. धनश्रीचा मुलगा तीन दिवसांचा, आणि अंगावर हळदीसारखा पिवळेपणा. कावीळ किती चढली ते पाहायला टाचेतून रक्त घ्यायचं होतं. टाच गारठलेली. मयुरी सिस्टर जाता जाता म्हणाली, "मावशी, टाचेला जरा ऊब देऊन ठेवा, म्हणजे रक्त उतरेल. मी आलेच."

उषाबाईनं फडक्याची पुरचुंडी शेकाच्या शेगडीवरल्या तव्यावर धरली. तळहातावर दाबून पाहिली. कोमट लागली. मग बाळाच्या टाचेला लावली.

बाळ असं किंचाळलं की धनश्री टाक्यांची कळ विसरून उठून बसली. टाच लालबुंद झाली होती. मयुरी धावत आली आणि तिनं तो पाय नळाच्या पाण्याखाली धरला. बघता बघता बोराएवढा फोड वर आला.

"पण कोमटच होती गं," उषाबाई पुटपुटली. पुरचुंडी तिच्या हातातच होती. तिनं ती कोपराच्या आतल्या बाजूला टेकवली, आणि झटक्यानं हात मागे घेतला. तिथं आग झाली होती. तळहाताला मात्र अजूनही ती कोमटच लागत होती.

डॉक्टरांनी फोडावर पट्टी बांधून दिली. पण रक्त अजून घ्यायचंच होतं, आणि बाळाचे डोळेही आता पिवळे दिसत होते.

"दुसरी टाच," मयुरी म्हणाली. "तवा नको. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं, पाच मिनिटं. बस."

धनश्रीनं बाळ छातीशी घट्ट धरलं. "आक्का, मना पोऱ्याले हात लावू नका."

उषाबाईनं पातेल्यात गार पाणी घेतलं, त्यात थोडं ऊन पाणी मिसळलं, फडकं बुडवून पिळलं आणि पातेलं खाटेशी आणून ठेवलं. "माझ्या हाताचं ऐकू नकोस, पोरी. तुझ्या कोपराला लावून बघ. तू म्हणशील ते खरं."

धनश्रीनं फडकं कोपराशी धरलं. बराच वेळ धरलं. "अजून गार पाणी घाला," ती म्हणाली. उषाबाईनं तांब्याभर ओतलं. मग धनश्रीनं फडकं पुन्हा बुडवून पिळलं आणि आपल्या हातानं बाळाची दुसरी टाच गुंडाळली.

भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं सरली. मयुरीनं सुई टोचली. रक्ताचा थेंब फुगला, नळीत चढला. बाळ रडलं, पण ते साधं रडणं होतं.

थोड्या वेळानं शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीनं हाक मारली, "आक्का, शेकाले येतीस ना?"

उषाबाईनं दोन्ही तळहात पदरात गुंडाळून घेतले. "तुझ्या आईला बोलव," ती म्हणाली. "मी निखारे आणून देते."