उकळलेल्या नळ्या

फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं गोंदियाला उतरली, तेव्हा मी तिथल्या इस्पितळात नर्स होते. त्यांच्यातल्या काहींच्या जखमा पेनिसिलिन देऊनही भरत नव्हत्या. म्हणून महिन्यातून एकदा नागपूरहून एक माणूस यायचा आणि जखमांमधला पू काचेच्या नळ्यांत भरून तपासायला न्यायचा. खाटेशी उकिडवा बसून तो प्रत्येकाला एकच विचारायचा, "रास्ते में सुई कहाँ-कहाँ लगी?" वाटेतल्या छावण्यांत पेनिसिलिनची एखाददुसरी सुई मिळायची आणि माणसं पुढे निघायची. अशा अर्धवट औषधाने जंतू कोडगे होतात, हे मला त्याच्याकडून कळलं.

पहिल्या खेपेला तो जेवायला गेला आणि मी त्याच्या भरलेल्या नळ्या उकळून ठेवल्या. आम्हाला शिकवलंच तसं होतं. परत आल्यावर त्याने एक नळी उजेडात धरली.

"सिस्टर, काऊन उकळल्या? मेलेला जंतू काय सांगन? त्याले जित्ता ठेवा लागते, तवा तो कायले भेते ते समजते."

आणि तो नव्याने पू घ्यायला पुन्हा पहिल्या खाटेशी जाऊन बसला. नागपूरला परत जाताना थंडी होती, म्हणून त्याने भरलेल्या नळ्या स्वेटरच्या आत पोटाशी धरल्या.

पंधरा दिवसांनी त्याची चिठ्ठी आली. त्यात दुसऱ्या औषधाचं नाव होतं. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या सिंधी अम्माच्या पायाची जखम त्या औषधाने भरत आली. पुढच्या खेपेला ती त्याला सोडायला फाटकापर्यंत चालत गेली. त्याचं नाव तिनेही विचारलं नाही, मीही नाही.

तो गेल्यावर मी पुढच्या खेपेसाठी नळ्या उकळायला घेतल्या. आधी एकेक उजेडात धरून पाहिली, रिकामी आहे ना.