तिसरा पुकारा

माझा घटस्फोट सात वर्षांपूर्वी झाला. गेले दोन रविवार चर्चमध्ये माझे नाव ‘विधवा’ म्हणून पुकारले जात आहे.

लग्नापूर्वी तीन रविवार नावे पुकारून कोणाची हरकत आहे का, असे मंडळीला विचारतात. उद्या तिसरा पुकारा. शनिवारची दुपार आहे. पंख्याची पाती एकमेकांत मिसळतात, वेगळी दिसेनाशी होतात, आणि मी न्यायालयाच्या व्हरांड्यात बसलेली असते. बाके मात्र आमच्या चर्चची आहेत. शेजारी प्रबोध, माझा पूर्वीचा नवरा. तो मार्चमध्ये वारला हे मला ठाऊक आहे. तरी मी सरकून त्याला जागा देते.

“जाड झालीस गं.”

“तू मेला आहेस.”

“म्हणून तर तुझं जमलं! पाळकसाहेबांना पेढे दिलेस का?”

विधान तथ्याला धरून आहे. देवाने जोडलेले मनुष्याने तोडू नये, असे पाळकसाहेबांचे मत. व्यभिचार दोघांपैकी कोणीच केला नव्हता, त्यामुळे शास्त्रातली ती एक सवलतही आम्हाला लागू नव्हती. प्रबोध जिवंत असेतो मी त्याचीच बायको. अमोदशी माझे लग्न ते लावणार नव्हते. प्रबोध गेला आणि अडचण संपली.

पट्टेवाला आमची नावे पुकारतो. तो वळतो तेव्हा त्याच्या अंगावर पाळकसाहेबांचा झगा असतो आणि पुढ्यात माझ्या प्रयोगशाळेतला तराजू. काटा स्थिर होत नाही.

“कोणाची हरकत असल्यास आताच सांगावी.”

“सांग ना,” प्रबोध कुजबुजतो.

“तू सांग.”

“मेलेल्याची हरकत कोण ऐकतं? आपण दोघांनी घटस्फोटावर सह्या केल्या, शुद्धीवर होतो. ते खोटं होतं का?”

“नव्हतं. पण आता बोलले, तर लग्न लागणार नाही.”

“मग बस विधवा होऊन. माझं काय जातंय?”

मी उठू लागते. कोणीतरी माझे डावे मनगट आवळून धरते.

“सोड, प्रबोध!”

तो दोन्ही हात वर करून दाखवतो. रिकामे.

जाग येते. मनगटावर चार लाल खुणा आहेत. घरात मी एकटी. दाराला आतून कडी. मनगट खिडकीशी नेऊन पाहते. एका खुणेत पाच पाकळ्यांचे फूल उमटले आहे. अमोदने साखरपुड्यात घातलेली अंगठी मला सैल होते, तिचे फूल तळव्याकडे फिरते. ती माझ्या उजव्या हातात आहे.

अमोदला फोन करून सांगते, विधवा म्हणून मी लग्नाला उभी राहणार नाही. तो म्हणतो, “मग रजिस्टर ऑफिस. आईला मी समजावतो.”

पाळकसाहेबांना सांगते, “उद्या ‘घटस्फोटित’ म्हणा, नाहीतर पुकारूच नका.” फोन ठेवते. तोवर खुणा फिकट झालेल्या असतात. त्यांचे कारण एवढेच: मला बसवून ठेवणारा हात माझा होता.