जातो आणि जाते

आमच्याकडे वऱ्हाडात बायकाही ‘मी जातो’ म्हणतात. माझी आई शेतात निघताना ‘जातो रे मी’ असंच म्हणायची, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. बाईने ‘जाते’ म्हणायचं असतं, हे मी अमरावतीला कॉलेजात आल्यावर शहरातल्या मुलींच्या तोंडून ऐकलं. माझ्या खोलीतल्या सोबत्यानेही तिथेच ऐकलं. मी विसरून गेलो. तो विसरला नाही.

खोलीत दोघंच असलो की तो ‘मी भाकरी टाकते’, ‘मी झोपते’ म्हणायचा. आधी मला ती नक्कल वाटली. पुढे लक्षात आलं, नक्कल तो दिवसभर बाहेर करत असे.

एकदा म्हणाला, “गावात मायचं अन् माहं बोलणं एकच होतं, म्हणून मले समजलंच नाई. इथं समजलं का रस्ते दोन आहेत, अन् मी भलत्याच रस्त्यावर उभी आहो.”

मी इंग्रजीचं पुस्तक पुढे ओढलं. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर झालो तो त्याच्यामुळे. इंग्रजी त्यानेच माझ्याकडून घोटून घेतलं. माझा त्याच्यावर जीव होता.

एके दुपारी घरमालकीणबाईंनी अंगणातून हाक मारली, “ताक घेऊन जा रे!” आणि तो वरून ओरडला, “आले, काकू!”

अंगणात पापड लाटणाऱ्या बायका खो-खो हसल्या. मालक हसले नाहीत. ते वकील होते. माझ्या सोबत्याचा मोठा भाऊ गावाहून कापूस घेऊन बाजाराला आला, तेव्हा त्यांनी त्याला बाजूला बोलावून घेतलं.

भाऊ जिना चढून आला तो बोलतच. “काहून रे? मास्तर होऊन राहिला का बाई होऊन राहिला?”

“दादा, मले लगन नाई कराचं.”

“लगनाचं कोणं काढलं? तुह्याच मनात आहे म्हन की!” भाऊ हसला. मग त्याचा चेहरा पाहून थांबला. “काहून नाई कराचं?”

“मी तसा नाई.”

“तसा म्हंजे कसा?”

त्याला सांगता येईल असा शब्दच आमच्या बोलीत नव्हता; होत्या त्या शिव्या. भावाने त्यातली एक उच्चारली आणि वर म्हणाला, “मायले हे समजलं तं ते विहीर जवळ करीन.”

आईचं नाव निघालं आणि तो उठून ट्रंक भरू लागला. परीक्षा तोंडावर आली होती. ती त्याने दिलीच नाही.

पुढे तो अकोल्याला प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून लागला. काही वर्षांनी पेपर तपासायला तिकडे गेलो, तेव्हा त्याच्या घरी गेलो. आता म्हातारपणी, त्याच्यासारख्यांसाठी कायदा बदलल्याचं नातू मला वाचून दाखवतो. ते ऐकायला तो नाही.

त्या दिवशी दारात त्याची बायको आली. साधी, हसरी. “बसा भाऊजी, मी चाय मांडतो,” म्हणाली.

मी चटकन त्याच्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून चपला घालत होता.

“दूध नसन. मी आणतो.”

“तुमी बसा ना भाऊजींपाशी. मी जातो.”

“मी जातो म्हटलं ना,” तो जरा चिडून म्हणाला, आणि गेला.